महागुरूंचा उजवा गुडघा

सर गेले आणि आठवड्याच्या आत गुरुवर्य झाले. जिवंतपणी कराटे संघटनेची माणसं ज्यांना रस्त्यात ओळख दाखवत नव्हती, त्यांचा वसई स्टेशनबाहेर एवढा मोठा फ्लेक्स लागला. मागे उगवता सूर्य, पुढे सर आणि डोक्याभोवती सोनेरी वलय. फोटोत मिशी काळीभोर. तेवढं मात्र खरं, कारण दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायच्या आधी ते मिशीला कलप लावायचे आणि कुणी विचारलंच तर "आमच्या घराण्यात पिकतच नाही" अशी थाप मारायचे. वलयाचं मला माहीत नाही. मी त्यांच्याकडे बरीच वर्षं कराटे शिकले, पण वलय काही दिसलं नाही. घाम दिसायचा.

म्हणून म्हटलं, यांना कायमचा शेंदूर फासला जायच्या आत आपण पाहिलं ते सांगून टाकावं.

कुणी पाया पडायला वाकलं की सर पाय मागे ओढायचे, आणि इतक्या जोरात ओढायचे की वाकणारा तोंडावर आपटता आपटता वाचायचा. "पायात काय ठेवलंय? कुरूप आहे," म्हणायचे. कुरूप खरंच होतं. चप्पल काढून दाखवायचेसुद्धा. हे ऐकून तुम्हाला वाटेल, काय विनम्र माणूस! छे हो. विनम्र कसले! रमीत पत्ते चोरायचे, कंडक्टरशी भांडायचे, आणि पालीला घाबरायचे. शेडच्या भिंतीवर पाल दिसली की हा ब्लॅक बेल्टवाला माणूस "हाकला रे तिला कुणीतरी" म्हणत बाहेर मैदानात जाऊन उभा राहायचा आणि तिथूनच आम्हाला धैर्य म्हणजे काय ते समजावून सांगायचा.

वटारला त्यांची वाडी होती. राजेळी केळी, पानवेल, थोडा मोगरा. सकाळी वाडीत पाणी लावायचं आणि संध्याकाळी वसईत एका शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये क्लास घ्यायचा. स्कूटरच्या पुढ्यात बहुतेक वेळा एखादं केळफूल असायचं, ज्याची लाथ त्या दिवशी चांगली बसली त्याला द्यायला. माझ्या आईला कराटे शून्य कळायचं, पण मी हात हलवत घरी आले की तिला कळायचं की आज लाथ चांगली बसली नाही.

सरांच्या क्लासचा एक रिवाज होता, तो मी दुसऱ्या कुठल्याही क्लासमध्ये पाहिला नाही. शनिवारी क्लास संपला की एकाने उभं राहून त्या आठवड्यातली सरांची एक चूक सांगायची. पोरांची नाही, सरांची. "सर, तुम्ही मंगळवारी उशिरा आलात आणि सिग्नलवर नाव ढकललंत." "सर, तुम्ही त्या जाड्या मुलाला हसलात." सर ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, "बरोबर" म्हणायचे आणि मग त्या पोराशी पुढचे दोन दिवस बोलायचे नाहीत. रुसायचेच चक्क! ओठ असे पुढे काढून. पण पुढच्या शनिवारी "हां, आज कोणाचा नंबर?" हे तेच विचारायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, "सर, राग येतो तर कशाला विचारता?" तर म्हणाले, "राग येतो म्हणूनच विचारतो गो. न विचारता राग यायला लागला तर मग मी महागुरूच झालो की!"

आता महागुरू म्हणजे कोण ते सांगते. महागुरू म्हणजे आमच्या सरांचे सर. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात वाढलेला माणूस. तरुणपणी होडीवर काम करता करता कराटे शिकले आणि मग गावोगाव फिरून शिकवलं. विरारपासून नायगावपर्यंत जितके क्लास निघाले त्यांचं मूळ त्यांच्यापाशी जायचं. मी त्यांना पाहिलं तोवर ते म्हातारे झाले होते आणि नायगावला एका टॉवरमध्ये मुलगी-जावयाकडे राहत होते. संघटनेचा सगळा कारभार जावई बघायचे. त्यांना डायरेक्टरसाहेब म्हणायचं असतं आणि सासऱ्यांना महागुरू, असं त्यांनी ग्रुपवर कळवलं होतं. आमचे सर महागुरूंना दादूस, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचे. तेही अरे-तुरे करून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इकडेतिकडे बघितलं, म्हटलं आता वीज पडणार.

डायरेक्टरसाहेबांनी फतवा काढला होता की प्रत्येक क्लासमध्ये समोरच्या भिंतीवर महागुरूंचा फोटो पाहिजे आणि क्लासच्या आधी आणि नंतर सगळ्यांनी त्याला वाकून नमस्कार केला पाहिजे. अधिकृत फोटोही दिला होता. डोळे मिटलेले, मागे समुद्र, हात छातीशी. आमच्या सरांनीही फोटो लावला. त्यात महागुरू दुपारचं जेवून बाकावर झोपले होते, बनियनवर, तोंड आ वासून. डायरेक्टरसाहेब तपासणीला आले आणि फोटो बघून लालेलाल झाले. सर म्हणाले, "फोटो लावा म्हणालात, लावला. माणूस तोच आहे. बनियनसुद्धा त्याचीच आहे."

नवीन पोरं हसायची तो फोटो बघून. हसलं की सर ओरडायचे. "हसू नका रे! त्या दिवशी हा माणूस पहाटे होडीवरून आला, तसाच क्लासला आला, आम्हाला दुपारपर्यंत घासलं आणि मग झोपला. तुम्ही तेवढं करा आणि मग बघा तोंड उघडं पडतं की नाही." आणि मग आम्ही सगळे त्या आ वासलेल्या तोंडाला शिस्तीत वाकून नमस्कार करायचो.

मी सरांकडे पोचले ती गुडघ्यामुळे. राहायला नालासोपाऱ्याला, त्यामुळे आधी तिथल्याच शाखेत जायचे, डायरेक्टरसाहेबांच्या. तिथे चौथा काता शिकवायचे. काता म्हणजे ठरलेल्या हालचाली एकामागून एक करायच्या, हवेतल्या शत्रूशी मारामारी. चौथ्या कात्याच्या मधोमध उजव्या पायावर गर्रकन वळायचं असतं. पण आमच्या संघटनेत वळायचं नाही. उडी मारायची, हवेत वळायचं आणि उजवा पाय ताठ ठेवून दाणकन जमिनीवर आपटायचा. याला म्हणायचं गरुडपाऊल. खुद्द महागुरू असंच करायचे, त्यांचे जुने व्हिडिओ होते. त्यांची उडी वीतभर असायची आणि उजवा पाय ते अलगद टेकवायचे. पण भक्त देवाच्या चार पावलं पुढेच असतो ना? डायरेक्टरसाहेबांनी वीतभरची हातभर केली. जितका आवाज मोठा तितकी शक्ती जागृत, म्हणायचे. आम्ही पोरं संध्याकाळभर टाइल्सवर शक्ती जागृत करत बसायचो. खालच्या मजल्यावरचे शिव्या द्यायचे.

वर्षभरात माझा उजवा गुडघा नारळाएवढा झाला. आईने तेल चोळलं, लेप लावला, शेवटी हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कुठल्या क्लासला जातेस विचारलं आणि सांगितल्यावर हसले. "तुमच्या सरांना सांग, माझ्या दवाखान्याचा बोर्डपण तिथेच लावा. तुमची पुष्कळ पोरं येतात माझ्याकडे." मग गंभीर होऊन म्हणाले, "पोरी, त्या उडीवर अजून वर्षभर राहिलीस तर जिने उतरायची विसर." त्यांनीच सांगितलं की वसईत एक वेडा मास्तर आहे, त्याच्या क्लासमधलं कुणी अजून आलेलं नाही.

वेड्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी माझा चौथा काता बघितला. उडी आली तसे ते डोळे मिटून घेऊन "आई गं" म्हणाले, जसं काही त्यांचाच पाय आपटला. मग मला बाकावर बसवलं आणि सुकेळी खायला दिली. ही आमच्या वसईची सुकेळी, राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात ती. म्हणाले, "खा. तुझं गरुडपाऊल हिच्यातून निघालंय."

गोष्ट अशी. सर कॉलेजात होते आणि महागुरू, म्हणजे तेव्हाचा दादूस, ऐन भरात. लाथेने कौलं फोडणारा. वटारला सरांच्या मावशीच्या वाडीत मांडवावर सुकेळी वाळत घातली होती. या दोन वीरांनी ती चोरायची ठरवली. मावशी मिस्साला गेलेली. सर खाली राखणीला, दादूस मांडवावर. दोघांनी खिसे भरले, तेवढ्यात मावशीचा कुत्रा आला. "केवढा होता म्हणतेस? मांजराएवढा," सर सांगायचे. "पण भुंकला असा की दादूसने मांडवावरून थेट गडग्यापलीकडे उडी टाकली आणि पलीकडे होता पाण्याचा पाट. गुडघा कटकन वाजला, तो मला अलीकडे ऐकू आला."

सरांनी त्याला सायकलच्या कॅरिअरवर घालून हाडवैद्याकडे नेलं. आणि पुढच्याच आठवड्यात विरारला दादूसचं प्रात्यक्षिक ठरलेलं. हाडवैद्य नको म्हणाला, सर नको म्हणाले, घरचे नको म्हणाले. दादूस म्हणाला, शब्द दिलाय. गेला. चौथा काता करताना वळायची वेळ आली, गुडघा वळेना, तर त्याने भार डाव्या पायावर घेतला, एक बारीकशी उडी मारून अंग वळवलं आणि उजवा पाय नुसता टेकवला. लोकांना वाटलं काहीतरी अद्भुत बघितलं. टाळ्यांवर टाळ्या. पुढे गुडघा कधीच धड झाला नाही आणि उडी कायमची राहिली.

"मला विचारशील तर त्या दिवशी तो खरा मोठा होता," सर म्हणाले. "गुडघा फुगलेला, डोळ्यांत पाणी, पण शब्द दिला म्हणून उभा राहिला, आणि आपल्या अधू पायातून वाट काढली. अरे, हे शिका ना गाढवांनो! दिलेला शब्द पाळायला शिका! नाही. उडी शिकले. आमच्या देवळातही तेच. फादर सांगून सांगून थकले की पुतळा आहे तो संत कसा जगला ते आठवायला. आम्ही काय करतो? मेणबत्ती लावतो आणि घरी येऊन भावाशी बांधावरून भांडतो." मग म्हणाले, "मीपण भांडतो. पण निदान मेणबत्तीचे पैसे वाचवतो."

सरांनी माझ्या पायातून ती उडी काढायला वर्ष घालवलं. वळायचं कसं, टाच कधी उचलायची, भार कुठे ठेवायचा. सूज उतरली. मी जिने उतरायला लागले, आणि हळूहळू ब्लॅक बेल्टच्या परीक्षेपर्यंत आले.

ही परीक्षा मला नुसती हौस म्हणून नको होती. नालासोपाऱ्यात आमच्या घराजवळच्या शाळेत मुलींना स्वसंरक्षण शिकवायला बाई हवी होती. मुख्याध्यापिकाबाईंनी मला क्लासमधल्या लहान पोरांना शिकवताना पाहिलं होतं, जूनपासून ये म्हणाल्या होत्या. अट एकच, ब्लॅक बेल्ट. तोवर मी एका कुरिअरच्या ऑफिसात बसून पाकिटांवर शिक्के मारत होते आणि शिकवण्याशिवाय दुसरं काही मला मनापासून करावंसं वाटत नव्हतं. आईने तर नोकरी लागलीच असं समजून बिल्डिंगमध्ये पेढेही वाटले होते. आमच्या आईला धीर हा प्रकार माहीत नाही.

परीक्षेच्या दिवशी डायरेक्टरसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "तुमच्या सरांनी काय शिकवलंय ते आम्हाला ठाऊक आहे. गरुडपाऊल नाही, तर बेल्ट नाही. परंपरेचा प्रश्न आहे." मी सरांकडे गेले. वाटलं, सांगतील, बिनधास्त नको मारूस. पण सर नखं खात बसले होते. "गुडघा तुझा, नोकरी तुझी, मी काय सांगू?" म्हणाले. मला इतका राग आला त्यांचा! आयुष्यभर या माणसाने न विचारता सल्ले दिले, आणि नेमका विचारला तेव्हा याचं तोंड शिवलेलं.

मी चौथा काता केला. वळायची वेळ आली तशी वळले, सरांनी शिकवलं तशी, पाय जमिनीवर ठेवून. खरं सांगते, त्याहून चांगलं मी कधी वळले नव्हते. डायरेक्टरसाहेबांनी लगेच माइकवर सांगितलं, "अनुत्तीर्ण."

तेव्हा सर उठले. हॉलमध्ये दोन-तीनशे माणसं, स्टेजवर मोठ्या खुर्चीत गळ्यात हार घालून महागुरू बसलेले. सर खालूनच म्हणाले, "दादूस, तूच सांग आता सगळ्यांना. ही उडी तुला कुठून आली?"

महागुरूंनी सरांकडे बघितलं. मग लोकांकडे बघितलं. किती तरी फोन वर झाले होते. त्यांनी घसा खाकरला आणि अगदी शुद्ध, जड भाषेत म्हणाले, "ती साधनेतून प्राप्त झाली. एके पहाटे समुद्रकिनारी मी ध्यानस्थ असताना आकाशातून एक गरुड अवतरला..."

टाळ्या सुरू झाल्या. टाळ्यांच्या मधेच सर म्हणाले, "गरुड नव्हता, कुत्रा होता," आणि खाली बसले.

संध्याकाळपर्यंत सरांना संघटनेच्या सगळ्या ग्रुपांमधून काढून टाकलं. पूर्वी एखाद्याला वाळीत टाकायचं तर गाव जमवावं लागायचं, आता अंगठा पुरतो. सरांच्या क्लासची मान्यता गेली, अर्धी पोरं आई-बापांनी काढून नेली. माझ्या घरी आई डोक्याला हात लावून बसली. "एक उडी मारली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"गुडघा."

"तो तसाही बिघडलेलाच होता की!" म्हणाली आणि वाटलेल्या पेढ्यांवरून रडायला लागली. मलाही रडू आलं, पण मला महागुरूंचं आलं. इतकी वर्षं त्या आ वासलेल्या तोंडाला मी मनापासून वाकले होते. शब्द पाळणारा माणूस म्हणून. आणि साधं खरं बोलायची वेळ आली तर म्हणे गरुड!

रविवारी मिस्सा आटोपून सर स्कूटर घेऊन आमच्या बिल्डिंगखाली हजर. ताजा कलप, हातात तेलाची बाटली. "चल नायगावला. दादूसच्या गुडघ्याला तेल लावायचंय."

"कुणाच्या?"

"दर रविवारी लावतो. तुला माहीत नव्हतं?"

"सर, त्यांनी तुम्हाला काढून टाकलं! सगळ्यांसमोर खोटं पाडलं!"

"मग? म्हणून त्याचा गुडघा दुखायचा राहिलाय का? बस मागे."

रविवारी सकाळी डायरेक्टरसाहेब शिबिरं घ्यायला बाहेर असतात, हे सरांनी हेरून ठेवलं होतं. महागुरूंच्या मुलीने दार उघडलं आणि चहा टाकायला गेली. महागुरू सोफ्यावर हाफ पँटीत बसून टीव्हीवर कुस्ती बघत होते. "आलास? सुपारीच्या झाडासारका ताट उभा नको राहू, बस. ए बाय, पानी आन गो यांना." स्टेजवरची जड भाषा कुठल्या कुठे गेली होती. सरांनी जमिनीवर बसून त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला, गुडघ्याचा पट्टा सोडला आणि चोळायला लागले. जणू काही झालंच नाही. महागुरू कण्हत होते, सर "गप बस" म्हणत होते, आणि मी रागाने हाताची घडी घालून दाराशी उभी.

महागुरूंनीच मला ओळखलं. "तू ती ना, उडी नाय मारलीस ती? कर बगू परत. तवा माजं लक्ष नव्हतं."

लक्ष नव्हतं! नापास करताना लक्ष नव्हतं! मी टीपॉय बाजूला सारला आणि दात-ओठ खात चौथा काता केला. त्यांनी टीव्ही बंद केला. मी वळले ते बघितलं आणि म्हणाले, "आनखी एकदा." मी परत केला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"अशीच व्हती रे," सरांना म्हणाले. "पडायच्या आदी माजी अशीच व्हती."

"मग सांग की सगळ्यांना," सर मान वर न करता म्हणाले.

"आता काय सांगू? गुडगा गेला, दम गेला. पोरांपाशी माजी म्हनून ती येवढी उडीच रायलीय. ती पन काडून घेतोस?"

सर परत गुडघा चोळायला लागले. पण मी ऐकून घेणार नव्हते. माझी नोकरी गेली होती. मी ट्रॅक पँट गुडघ्यावर चढवली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "हा बघा. हा तुमच्या गरुडाने केलाय." सर "अगो" म्हणाले, पण मी हलले नाही.

महागुरूंनी चष्मा लावला. वाकून माझ्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवला, अगदी नेमका तिथेच. "हितं? जिना उतरताना?"

"हो."

"चडताना नाय."

"नाही."

"पावसाळ्यात जास्ती."

मी मान हलवली. इतका वेळ मी ज्या माणसावर चिडले होते, त्याला माझं दुखणं डॉक्टरपेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी अंगठा तसाच ठेवून विचारलं, "आनखी पोरांचं पन झालंय?" मी म्हटलं, "नालासोपाऱ्याच्या डॉक्टरांना विचारा." त्यांनी पाय सरांच्या मांडीवरून काढून घेतला आणि पुन्हा टीव्ही लावला. आम्ही निघालो तरी वळून बघितलं नाही.

पुढे गुरुपौर्णिमा आली. संघटनेची गुरुपौर्णिमा म्हणजे पाद्यपूजा. महागुरूंचे पाय ताटात ठेवायचे, त्यांवर दूध ओतायचं, गंध-फूल वाहायचं, आणि या सगळ्याचं रील बनवायचं. मागे एका वर्षी सर रांगेतून ओरडले होते, "दूध फ्रिजमधलं आहे का? गार नका ओतू, त्याच्या गुडघ्याला सोसत नाही!" यंदा सरांना आमंत्रण असायचा प्रश्नच नव्हता. ते आले. "जाहीर कार्यक्रम आहे, मी जनता आहे," म्हणाले. मला ओढत नेलं. आईही आली, कारण तिला वाटत होतं की माफी मागितली तर अजून काही होईल.

पूजेच्या आधी महागुरूंनी माइक मागून घेतला. डायरेक्टरसाहेब दचकले, कार्यक्रमात हे नव्हतं. मी सरांचा दंड घट्ट धरला. वाटलं, आता सांगतात. मावशी, मांडव, कुत्रा, सगळं.

"गरुडपाऊल," महागुरू त्यांच्या स्टेजवरच्या आवाजात म्हणाले, "हे मला, एकट्याला, प्राप्त झालेलं आहे. ते इतर कुणाचं नाही. आजवर माझ्या शिष्यांनी ते केलं, मी अज्ञान म्हणून क्षमा केली. आजपासून कुठल्याही शिष्याने गरुडपाऊल मारायचं नाही. पाय जमिनीवर ठेवून वळायचं. जो उडी मारेल त्याचा बेल्ट मी स्वतः काढून घेईन."

हॉलमध्ये क्षणभर कुणाला काही कळेना. डायरेक्टरसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण ते कसलेले गडी. लगेच माइक घेऊन म्हणाले की असं दिव्य पाऊल सामान्यांनी टाकणं हाच मुळात अपराध होता आणि आपण स्वतः हे कधीपासून सांगणारच होतो. टाळ्यांचा कडकडाट. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. आई म्हणाली, "बघ, किती मोठा माणूस! आणि तुझे सर त्यांना कुत्रा म्हणाले."

मी सरांकडे बघितलं. त्यांचा आ वासला होता, अगदी फोटोतल्यासारखा. मग खांदे हलायला लागले. हसत होते. डोळ्यांतून पाणी, कलपाचा ओघळ मिशीवरून हनुवटीकडे. "चोर! सराईत चोर आहे हो! खोटं बोलला, परत खोटं बोलला, आधीपेक्षा मोठं बोलला!"

"मग हसता काय? खरं नाहीच ना सांगितलं त्यांनी?"

"नाही सांगितलं. ते त्याच्याने नाही झालं." सरांनी रुमालाने मिशी पुसली, रुमाल काळा झाला. "गुडघे वाचवायचं झालं, तेवढं केलं. तुला बेल्ट द्यावा लागेल आता त्यांना. चल, रांगेत उभी राहा."

बेल्ट मिळाला. पुढच्या जूनमध्ये शाळाही मिळाली, आज तिथेच शिकवते. पण मला जास्त आठवतं ते त्या रांगेतलं. सर माझ्या पुढे होते. आमची पाळी आली. महागुरूंचे पाय ताटात, दुधात. आणि सर वाकले. सर! पाया पडणाऱ्याला पाडणारे आमचे सर, आख्ख्या हॉलसमोर गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी महागुरूंचा उजवा पाय धरून राहिले, आणि लवकर उठेचनात. लोकांनी फोन वर धरले. डायरेक्टरसाहेबांचा आवाज भरून आला. "शेवटी शिष्य गुरूला शरण आला!" ते माइकवर म्हणाले, आणि हॉल उभा राहिला. आईने मला कोपराने ढोसलं.

मी अगदी त्यांच्या पाठीशी उभी होते म्हणून मला ऐकू आलं.

"हलू नको. पट्टा घसरलाय गुडघ्याचा."

"घट्ट नको बांदू रे."

"गप बस. झालंच. हां, आता आशीर्वाद दे. लोक बघतायत."